गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला अगोड पदार्थांची सवय कशी लावावी?

प्रश्न

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. ती तीन महिन्यांची असताना तिच्या शीमधून रक्ताचे धागे जाऊ लागले आणि गालांवर व कोपरांच्या लवणीत इसब उठला. गायीच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी, आणि तीही लगेच न उठता काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी दिसणाऱ्या प्रकारची, असे निदान बालरोगतज्ज्ञांनी केले. तेव्हापासून ती हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेल्या फॉर्म्युल्यावर आहे आणि तिची प्रकृती उत्तम आहे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू केले. केळे, सफरचंद, नासपती ती आवडीने खाते. परंतु फ्लॉवर, मटार किंवा ब्रोकोलीचा घास तोंडात जाताच चेहरा वाकडा करून जिभेने बाहेर ढकलते. शिवाय अगोड पदार्थांच्या ज्या कृती माझ्या वाचनात येतात, त्यांपैकी बहुतेकांत लोणी, चीज किंवा दुधाचा पांढरा सॉस असतोच. त्याऐवजी काय घालावे? दूध वगळल्यामुळे तिच्या आहारात काही कमी पडेल का? घरातील मोठी माणसे शेळीचे दूध सुचवत आहेत, त्याबद्दलही आपले मत हवे आहे.

पहिले उत्तर

माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि आम्ही याच वाटेने गेलो आहोत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीच्या बाजूची एक गोष्ट बहुधा तुम्हाला कोणी सांगितली नसेल. हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला चाखून पाहिला आहे का? तो कडवट, आंबूस आणि काहीसा उग्र वासाचा असतो. फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा फॉर्म्युल्यावर वाढलेल्या बाळांनी कडू, आंबट आणि खमंग चवीची पेज इतर बाळांपेक्षा अधिक खाल्ल्याचे आढळले होते. म्हणजे तुमची मुलगी कडवटपणाला अनोळखी नाही. तिला आत्ता फळांची गोडी अधिक जवळची वाटते, इतकेच. गोड चवीची ओढ बाळे जन्मतःच घेऊन येतात, तर भाजीची चव त्यांना शिकावी लागते आणि त्यासाठी तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. तोंड वाकडे करणे म्हणजे नकारच असे समजू नका. आमच्या घरी ब्रोकोली अकराव्या खेपेला पोटात गेली. भाजीत सफरचंद मिसळून ती गोड करण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्यामुळे बाळाला भाजीची नव्हे तर सफरचंदाचीच ओळख होते. फळ भाजीच्या आधी न देता नंतर दिले, तरी पुष्कळ फरक पडतो.

आता लोणी आणि चीज यांविषयी. कृतीमध्ये ते मुख्यतः दोन कामांसाठी असतात, एक स्निग्धता आणि दुसरे मऊसर दाटपणा. पहिल्या कामासाठी वाटीभर कुस्करलेल्या भाजीत चमचाभर तेल पुरते. बाळाचे पोट लहान असल्यामुळे प्रत्येक घासात थोडी ऊर्जा असावी लागते आणि नुसत्या उकडलेल्या भाजीत ती फारशी नसते. दाटपणासाठी बटाटा, शिजवून वाटलेल्या डाळी, पांढरे बीन्स किंवा अ‍ॅव्होकॅडो वापरता येतो. पांढऱ्या बीन्सची बारीक वाटलेली पेस्ट फ्लॉवरमध्ये मिसळली, तर चीज सॉसची आठवणही येत नाही. मिश्रण सैल करायचे असेल तेव्हा तिचाच फॉर्म्युला घाला. तो मात्र पदार्थ शिजून कोमट झाल्यावर घालावा, उकळू नये. त्या बटाट्याचा वास तुम्हाला असह्य होईल, परंतु तिला तो ओळखीचा वाटेल. मंद आचेवर मऊ शिजवलेला कांदा आणि थोडी लसूण घातली, तर मिठाची उणीव जाणवत नाही. पहिल्या वर्षात वेगळे मीठ घालूच नये, कारण या वयाला दिवसाकाठी १ ग्रॅमपेक्षाही कमी मीठ चालते आणि ते अन्नातून आपोआप मिळते.

माझी एक चूक सांगते. दुधाचा एक थेंबही घरात नसताना मुलाच्या अंगावर इसब उठला आणि दोन दिवस कारण सापडेना. अखेर लक्षात आले की सूपसाठी वापरलेल्या वडीच्या घटकांमध्ये व्हे पावडर होती. केसीन, केसिनेट, व्हे, दूध पावडर, ताक पावडर, तूप असे शब्द दिसले की ते दूधच समजावे. पाव, बिस्किटे, सॉसेज, मार्गारीन आणि मसाला लावलेले कुरकुरीत पदार्थ प्रत्येक खरेदीला नव्याने वाचावेत, कारण घटक बदलतात. लॅक्टिक अ‍ॅसिड आणि कोको बटर या नावांनी मात्र घाबरून जाऊ नका.

दुसरे उत्तर

शेळीच्या दुधाविषयी स्पष्टच सांगतो, देऊ नका. शेळी, मेंढी आणि म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गायीच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना तेही बाधते. लॅक्टोजविरहित दुधाचाही येथे उपयोग नाही, कारण त्यातून साखर काढलेली असते आणि अ‍ॅलर्जी प्रथिनांची आहे. वडीलधाऱ्यांना हा फरक समजावताना माझा निम्मा दिवस जात असे, म्हणून तुमच्या अडचणीची कल्पना आहे.

तिसरे उत्तर

मी आहारतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. राहिलेल्या मुद्द्याकडे वळते.

या वयात दिवसाला साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर फॉर्म्युला पोटात जात असेल, तर कॅल्शियमची चिंता करण्याचे कारण नाही. तो कमी होऊ लागला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. पालकामधील कॅल्शियमवर भिस्त ठेवू नये, कारण त्यातील ऑक्झलेटमुळे ते फारसे शोषले जात नाही. ओट किंवा बदामाचे पेय वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून देऊ नये. माझ्या मते अधिक लक्ष लोहाकडे हवे. जन्मतः असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि केवळ फळांवर राहिलेल्या बाळाला तो भरून काढता येत नाही. म्हणून डाळी, मांस, मासे आणि अंडे लवकर सुरू करावे. डाळीबरोबर टोमॅटो किंवा लिंबाचा रस दिल्यास क जीवनसत्त्वामुळे तिच्यातील लोह अधिक शोषले जाते.

दुधाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून अंडे आणि शेंगदाणे पुढे ढकलण्याची चूक अनेक पालक करतात. शेंगदाण्याच्या बाबतीत उशीर केल्याने धोका वाढू शकतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप या अभ्यासानंतर स्पष्ट झाले आहे. तुमच्या मुलीला इसब असल्यामुळे आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग पूर्ण शिजवलेले अंडे व गुळगुळीत वाटलेले शेंगदाणे, एका वेळी एकच पदार्थ, अगदी थोड्या प्रमाणात, सकाळी द्यावा. सकाळी अशासाठी की नंतर दिवसभर बाळावर लक्ष ठेवता येते. सोया काही बाळांना दुधाप्रमाणेच बाधतो, त्यामुळे तोही वेगळाच तपासावा. नवा पदार्थ दिल्यावर एक ते चार तासांत वारंवार उलट्या होऊन बाळ फिकट आणि ढिले पडले, किंवा चेहरा सुजून श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. कालपासून फळ नंतर देऊ लागले आहे. दोन शंका उरल्या. टोमॅटो दिला की तिच्या ओठांभोवती लाल होते. ही अ‍ॅलर्जी समजावी का? आणि दूध पुन्हा केव्हा देऊन पाहता येईल?

तिसरे उत्तर देणाऱ्या आहारतज्ज्ञांकडून

लाली केवळ रस लागला तेवढ्याच जागी उठत असेल आणि तासाभरात विरत असेल, तर तो बहुधा आम्ल रसाचा त्वचेवरील परिणाम आहे. जेवणापूर्वी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून पाहावा. गांधी शरीरावर इतरत्र उठल्या, तर मात्र टोमॅटो थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दूध साधारणतः ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, आणि किमान सहा महिने वर्ज्य केल्यानंतर, डॉक्टरांच्या संमतीने पायरीपायरीने देऊन पाहतात. त्या हिशेबाने तुमच्या मुलीला अजून निदान दोन महिने आहेत. सुरुवात पेलाभर दुधाने नव्हे, तर दूध घालून भाजलेल्या बिस्किटाच्या तुकड्याने होते, कारण भाजल्यामुळे आणि गव्हात मिसळल्यामुळे दुधातील काही प्रथिनांचा त्रास कमी होतो. त्या बिस्किटाची अगोड कृतीही असते. तोवर तिला भाजीची गोडी लागली असेल, तर तीच निवडा.