मदत हवी आहे: कॅम्परच्या ब्रेकचा आवाज, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलू की नुसतं सील किट (त्याच्या आतली रबरं) टाकू?

गाडी 2016 ची डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर, आतून कॅम्पर केलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. 1,12,000 किमी झालेत. 100 लिटरची पाण्याची टाकी आणि बेड-बॅटऱ्या धरून वजन बरंच आहे, हे आधीच सांगतो.

ताम्हिणी उतरताना पुढच्या डाव्या चाकातून कर्रर्र सुरू झालं. निजामपूरला थांबून चाकावर पाणी ओतलं तर चर्रकन वाफ झाली. (तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नये, हे नंतर कळलं.) आता सपाटीवर ब्रेक न दाबताही घासल्याचा आवाज येतो, गाडी किंचित डावीकडे ओढते. पेडल थरथरत नाही, ब्रेक ऑइल पुरेसं आहे.

पॅड मागच्याच महिन्यात बदलले, जेमतेम आठ दिवस शांतता. चाक उतरवलं तर डावीकडे आतलं पॅड 3 मिमी, बाहेरचं 8. उजवीकडे दोन्ही सारखी. जॅकवर चाक हलवून पाहिलं, बेअरिंगला खेळ नाही. म्हणजे कॅलिपरचा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) नाहीतर स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) अडकतेय, असा माझा अंदाज.

गॅरेजवाला दोन्हीकडचे कॅलिपर, डिस्क, पॅड मिळून 26,000 सांगतोय. नुसतं किट टाका म्हटलं तर "मग गॅरंटी नाही."

पिस्टनला गंज नसेल तर सील किट आणि नव्या पिनांवर भागतं का? डिस्कवर नखाला लागेल अशी रेघ आहे, ती लेथवर काढून चालेल? ब्रेक ऑइलचा रबरी होज (पाइप) आतून फुगला तरी असंच होतं म्हणतात, तो घरी कसा तपासायचा? आणि पुण्यात याची नुसती मजुरी किती घेतात?