१ जीबी रॅमचे अँड्रॉइड आणि कीपॅड फोन: एकच ॲप दोन्हींवर कसं चालवायचं?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. आमचे स्वयंसेवक विहिरींची पाणीपातळी मोजतात, त्यांच्यासाठी मी एक ॲप लिहिते आहे. दर भेटीला एक फॉर्म भरायचा: विहिरीचा क्रमांक, पाण्याची खोली, पाण्याचा रंग, एक फोटो, शेरा वगैरे. मिळून १४ रकाने. फोन ज्याचा त्याचा. निम्म्याहून जास्त लोकांकडे १ जीबी रॅमचे जुने अँड्रॉइड आहेत, बाकीच्यांकडे २४० बाय ३२० पडद्याचे कीपॅड फोन, ज्यांत कायओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम असते. विहिरीपाशी नेटवर्क बहुतेक वेळा नसतंच.

मी एका क्रॉस-प्लॅटफॉर्म (एकदा लिहून वेगवेगळ्या फोनांवर चालवायच्या) फ्रेमवर्कमध्ये ॲप लिहिलं. माझ्या ६ जीबीच्या फोनवर काहीच अडचण नाही. १ जीबीच्या फोनवर मात्र माणूस बारा रकाने भरतो, फोटोसाठी कॅमेरा उघडतो, फोटो काढून परत येतो आणि फॉर्म कोरा! क्रॅशचा मेसेज नाही, लॉगमध्ये एरर नाही. दहातल्या चार-पाच वेळा होतं, दर वेळी नाही. तिसऱ्यांदा असं झाल्यावर एका काकूंनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "वही मिटली म्हणून लिहिलेलं पुसलं जात नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फॉर्म कोरा का होतो? आणि हे फ्रेमवर्क कायओएसवर चालतच नाही, तर दोन वेगळी ॲप्स लिहायची का? काम करणारी मी एकटीच आहे.

---

किलोबाइट

काकू बोलल्या तोच तुमचा स्पेक (ॲपने काय करायलाच हवं ते) आहे. बाकी सगळं त्याच्या मागून.

फॉर्म कोरा होतो कारण तुमचं ॲप तेव्हा मेलेलं असतं. कॅमेरा समोर आला की तुमचं ॲप मागे जातं. १ जीबीच्या फोनवर सिस्टिम आणि कॅमेरा मिळून रॅम जवळजवळ संपवतात, मग अँड्रॉइड मागच्या प्रोसेस मारायला लागतं आणि त्यात तुमचा नंबर लागतो. हा क्रॅश नाही, म्हणून लॉगमध्ये एरर दिसत नाही. परत आल्यावर अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी (ॲपचा पडदा) नव्याने उभी करतं आणि आधी जपून ठेवलेलं बंडल (थोड्या माहितीचं गाठोडं) तिच्या हातात देतं. पण तुमच्या फ्रेमवर्कची सगळी स्टेट (भरलेली माहिती) स्वतःच्या मेमरीत होती, बंडलमध्ये कोणी काही टाकलंच नव्हतं. त्यामुळे ॲप पहिल्या दिवशीसारखं कोरं उघडतं. तुमच्या ६ जीबीच्या फोनवर मारायची वेळच येत नाही, म्हणून तुम्हाला हे कधी दिसलं नाही.

आधी हे तुमच्या फोनवर घडवून आणा. फॉर्म अर्धा भरा, होम दाबा, कॉम्प्युटरवरून (एडीबी म्हणजे तिथून फोनला आज्ञा द्यायचं साधन) "एडीबी शेल एएम किल" आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, मग अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून परत या. डेव्हलपर ऑप्शन्समधलं "ॲक्टिव्हिटी ठेवू नका" हेही चालू करून बघा, पण त्याने फक्त ॲक्टिव्हिटी जाते, प्रोसेस जिवंतच राहते. खरी परीक्षा किलचीच.

आता उपाय. "सेव्ह" बटणाची वाट बघू नका. एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं की पहिल्याची किंमत एसक्यूलाइटमध्ये (फोनवरच्या डेटाबेसात) गेलीच पाहिजे. नोंद फॉर्म उघडताच तयार होते आणि तिच्यावर "अपुरी" असा शिक्का असतो. शेवटचं बटण फक्त तो शिक्का बदलतं. बंडलमध्ये केवळ नोंदीचा आयडी ठेवा, फोटो चुकूनही नको. बंडल ज्यातून जातं त्या बाइंडरचा बफर सगळा मिळून १ एमबीचा असतो, त्यात मोठं काही कोंबलंत तर तिथे खराच क्रॅश मिळेल. आणि फोटो कुठल्या फाइलमध्ये उतरणार तो पाथ कॅमेरा उघडण्याच्या *आधी* डेटाबेसात लिहा. नाहीतर फोटो फोनमध्ये पडलेला असतो आणि तो कोणत्या विहिरीचा हे ॲपला आठवत नाही. हे मी स्वतः भोगलं आहे. दोनशेच्या वर फोटो बसून हाताने जुळवले होते, विहिरीच्या कठड्याचे दगड ओळखून ओळखून.

फोटोचं गणितही एकदा मांडून बघा. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३०००. फाइल ३ एमबीची दिसते, पण पडद्यावर दाखवायला उघडली की दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. अँड्रॉइड ८ च्या आधी हे पिक्सेल जावाच्या हीपमध्येच (ॲपला वाटून दिलेल्या मेमरीत) जायचे, आणि तुमच्या ॲपला हीप किती मिळतो हे "गेट मेमरी क्लास" विचारलंत तर जुन्या फोनवर येणारा आकडा पाहून घाम फुटेल. "इन सॅम्पल साइज" (फोटो किती पट लहान करून उघडायचा) ४ द्या: १००० बाय ७५०, ३० लाख बाइट. पाण्याचा रंग बघायला तेवढं भरपूर आहे. फ्रेमवर्कची लायब्ररी हे आपोआप करते असं धरून चालू नका, मोजून बघा.

दुसऱ्या प्रश्नावर रात्री लिहितो, तो मोठा आहे.

---

सॉफ्टकी

कायओएसबद्दल मी सांगते, तीन वर्षं त्यावरच काम केलं.

२.५ आवृत्तीच्या पोटात गेको ४८ आहे, म्हणजे फायरफॉक्स ४८ च्या काळातलं इंजिन. वेबच्या पुढच्या सोयी त्यात नाहीत: एसिंक-अवेट नाही, सीएसएस ग्रिड नाही, वेबअसेंब्ली नाही. ३.० मध्ये गेको ८४ आलं आणि हे सगळं मिळालं, पण लोकांच्या हातात जुने फोनच जास्त भेटतात. रॅम २५६ किंवा ५१२ एमबी. फ्रेमवर्क विसरा, साधं जावास्क्रिप्ट लिहा. १४ रकान्यांच्या फॉर्मला त्याहून जास्त काही लागतही नाही.

खरी अडचण रॅमची नसून बोटांची आहे. टचस्क्रीन नाही, म्हणजे फोकस कुठे आहे ते प्रत्येक क्षणी दिसलं पाहिजे, वर-खाली बाणांनी हलला पाहिजे, आणि तीन कळांना काय होईल ते पडद्याच्या तळाशी लिहिलेलं हवं. एका पडद्यावर एकच रकाना दाखवा. १४ रकाने एकाखाली एक लावलेत तर माणूस बाण दाबून दाबून वैतागतो.

आणि एक खड्डा आहे, त्यात प्रत्येक नवा माणूस पडतो. खोडायची कळ आणि मागे जायची कळ एकच. ॲपला ती "बॅकस्पेस" म्हणून मिळते. रकान्यात अक्षरं असतील तर अक्षर खोडलं जातं. रकाना रिकामा झाल्यावर तीच कळ आणखी एकदा दाबली गेली आणि तुम्ही तो इव्हेंट अडवला नसेल, तर ॲपच बंद. माणूस "१२५" खोडायला कळ चार वेळा दाबतो आणि थेट होम स्क्रीनवर येऊन उभा राहतो. तुमच्या काकू इथेही वहीच काढतील. तो इव्हेंट अडवा, आणि बाहेर पडायचं असेल तर एकदा विचारा.

साठवायला इंडेक्स्डडीबी (वेब इंजिनातला डेटाबेस) वापरा. लोकलस्टोरेज सोपं वाटतं, पण ते लिहून होईपर्यंत पडदा अडकून राहतो.

---

ओलावा

मध्येच बोलतो. हे सगळं ओडीकेमध्ये (फॉर्म भरून माहिती गोळा करायच्या तयार साधनात) तयार असताना पुन्हा कशाला लिहायचं? फॉर्म बनवा, ऑफलाइन भरा, नेटवर्क आलं की पाठवा.

---

पायवाट

@ओलावा, पाहिलं होतं. अँड्रॉइडवर उत्तम आहे, पण कीपॅड फोनवर कलेक्ट (ओडीकेचं फोनवरचं ॲप) चालत नाही, आणि कीपॅडवाले लोक मला सोडायचे नाहीत. लांबच्या विहिरी त्यांच्याच वाट्याला आहेत.

@किलोबाइट, एएम किल करून पाहिलं. पहिल्याच झटक्यात फॉर्म कोरा! इतके दिवस मी कॅमेऱ्याच्या कोडमध्ये चूक शोधत होते.

---

किलोबाइट

ओडीकेचं नाव निघालं ते बरं झालं, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ओडीके कलेक्टच्या पोटात जावारोझा नावाची लायब्ररी आहे. ती मुळात जे२एमई (जुन्या साध्या फोनांवरचं जावा) फोनांसाठी लिहिलेली होती. ते फोन गेले, पडदे बदलले, कळा गेल्या, टच आला, आणि फॉर्म समजणारा गाभा तसाच पुढच्या फोनवर चालत राहिला. का टिकला? फॉर्म म्हणजे काय हे त्यांनी कोडमध्ये न लिहिता एक्सफॉर्म्सच्या (फॉर्मचं वर्णन करायच्या मानकाच्या) एक्सएमएलमध्ये बाहेर ठेवलं होतं म्हणून. गाभ्याला पडदा माहीतच नव्हता.

मी सुरुवात जे२एमईवर केली. त्याच्या पायाची, म्हणजे सीएलडीसी १.० ची, किमान अट होती १६० केबी मेमरी, त्यातली ३२ केबी चालत्या ॲपच्या वाट्याला. फ्लोटिंग पॉइंट नव्हता, तो १.१ मध्ये आला. सुरुवातीच्या बऱ्याच फोनवर अख्खी जार फाइल (सगळं ॲप) ६४ केबीत बसवावी लागे. क्लास जोडून एक करायचे, ऑब्फस्केटर लावून नावं एका अक्षरावर आणायची, सगळे आयकॉन एकाच पीएनजीच्या पट्टीत ठेवून तुकडा कापून दाखवायचा, कारण प्रत्येक पीएनजी आपलं हेडर आणि पॅलेट वेगळं घेऊन येते. एवढं करूनही नोकियाच्या फोनवर डावी सॉफ्ट-की (पडद्याखालची कळ) -६ या क्रमांकाने यायची आणि मोटोरोलाच्या फोनवर -२१ ने. एकच जार सगळीकडे चालेल ही जाहिरात होती. आम्ही मात्र फोनागणिक बिल्ड काढत होतो. त्यातून मी एवढंच शिकलो की पडदा आणि कळा पोर्टेबल करायला जाऊ नये. तिथे घातलेले महिने परत मिळत नाहीत.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत असं. दोन ॲप्स लिहा, पण दोन्ही पातळ. फॉर्मचं वर्णन एका जेसॉन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये: रकान्याचं नाव, प्रकार, किमान-कमाल, कुठल्या उत्तरावर कुठला रकाना गाळायचा. कायओएसवर ही फाइल वाचणारं साधं जावास्क्रिप्ट. अँड्रॉइडवर तेच जावास्क्रिप्ट वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) चालवायचा मोह होईल. वेबव्ह्यू स्वतःच बरीच रॅम खातो आणि १ जीबीच्या फोनवर तुमचा सगळा झगडा रॅमशीच आहे. म्हणून तिथे कॉटलिन भाषेत साधे नेटिव्ह (अँड्रॉइडचेच) व्ह्यू. फाइल वाचून रकाना दाखवणारा कोड दोन्हीकडे काही शे ओळींचा होईल, जास्त नाही. दोन्हीकडच्या कोडला त्याच त्याच नमुना नोंदी देऊन उत्तर सारखंच येतं का ते तपासणारी एक टेस्ट ठेवा. नवा रकाना आला तर फक्त फाइल बदलते.

---

सॉफ्टकी

वेबव्ह्यूबद्दल मी इतकी कडक नाही. एकट्या माणसाला दोन भाषा सांभाळणं हासुद्धा खर्चच आहे. कॅमेरा आणि एसक्यूलाइट नेटिव्ह ठेवून फक्त फॉर्म वेबव्ह्यूमध्ये ठेवला तर ५१२ एमबीवर जड जाईल, १ जीबीवर चालेल असा माझा अनुभव. पण मोजूनच ठरवा, आणि मोजायला आपला फोन नको. तुमच्या लोकांतला सगळ्यात रडका फोन आठवडाभर मागून आणा, त्यातले फोटो-मेसेज काही न काढता. रिकामा केलेला फोन खोटं सांगतो.

---

पायवाट

तीन आठवड्यांनी परत आले. काकूंचाच फोन मागून घेतला होता, स्टोरेज जवळजवळ गच्च भरलेलं. त्यावर दोन्ही प्रकार करून पाहिले. वेबव्ह्यूवाला फॉर्म भरताना ठीक होता, पण कॅमेऱ्याहून परत येताना पडदा काही सेकंद पांढरा राहायचा, आणि तेवढ्या वेळात माणूस घाबरून मागची कळ दाबतो. नेटिव्ह ठेवला. प्रोसेस अजूनही मारली जाते, पण परत आल्यावर बाराही रकाने जागेवर असतात आणि फोटो त्याच विहिरीला चिकटतो.

एक नवं संकट मात्र आलं. काही फोनांवरून आलेली खोली सर्व्हर नाकारतो. डेटा पाहिला तर "१२.५" असं देवनागरीत आलेलं!

---

किलोबाइट

त्या फोनांची भाषा मराठी असणार. स्ट्रिंग फॉरमॅट करताना तुम्ही लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलेला नाही, म्हणून तो फोनचा घेतो आणि मराठीत अंक देवनागरी येतात. जे माणसाला दाखवायचं ते फोनच्या लोकेलने, जे साठवायचं किंवा पाठवायचं ते नेहमी "लोकेल रूट"ने (कुठल्याच भाषेशी न बांधलेल्या). उलट्या बाजूलाही लक्ष ठेवा: कीपॅडवर कोणी देवनागरी अंक टाइप केले तर जावास्क्रिप्टचं "नंबर" त्यांना ओळखत नाही, नॅन ("हा अंक नाही") देतं. तपासण्याआधी अंक बदलून घ्या.

आणि खोली दशांशात ठेवूच नका. सेंटिमीटरमध्ये पूर्णांक ठेवा, १२५० असा. दशांश बिंदू फक्त पडद्यावर काढा. फ्लोट नसलेल्या फोनांवर लागलेली सवय आहे, पण इथे नेमकी कामाची.

सिंक (नोंदी सर्व्हरला पाठवणं) सुरू करण्याआधी आणखी दोन गोष्टी बघून घ्या. प्रत्येक नोंदीचा यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा आयडी) फोनवरच तयार होऊ द्या. पाठवताना नेटवर्क मध्येच तुटलं तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवणार, आणि सर्व्हरने आयडी पाहून दुसरी नोंद न बनवता "मिळाली" एवढंच म्हणायला हवं. दुसरं म्हणजे तारखेवर विसंबू नका. कीपॅड फोनची बॅटरी काढून घातली की काहींचं घड्याळ मागे जातं, मग आजचं माप कालच्या मापाआधी लागतं. प्रत्येक फोनवर वाढत जाणारा एक क्रमांक ठेवा, क्रम त्यावरून लावा. फोनचं घड्याळ साठवा, पण सोबत सर्व्हरला नोंद मिळाल्याची वेळही ठेवा.

---

पायवाट

यूयूआयडी होता, क्रमांक नव्हता. आज घालते. काकूंचा फोन उद्या परत करायचा आहे, त्याआधी बॅटरी काढून एकदा बघते.