प्लायचा फिशटँक, समोर काच: पाणी झिरपू नये म्हणून काय करावं?

वारजेकर
हॉलमध्ये भिंतीलगत चार फुटी फिशटँक स्वतः बांधायचा आहे. तीन बाजू आणि तळ प्लायचा, फक्त समोर काच. सुतारकाम येतं, वडिलांचा रंधा, पटाश्या, गुण्या अजून वापरात आहेत. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, आतून सनमायका मारा, कडांना सिलिकॉन भरा, झालं. मला ते पटत नाही. प्लाय कुठला घ्यावा? आतून काय लावावं? काच आतून बसवायची की बाहेरून? घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एंजल आणि थोडे टेट्रा ठेवायचा विचार आहे, म्हणजे माशांना अपाय होईल असं काही आत नको.

धायरीचा_मत्स्यपालक
सनमायका नकोच. कोपऱ्यात दोन पत्रे भेटतात तिथे केसाएवढी फट पुरते. पाणी मागे शिरतं, चिकटवलेलं सुटत जातं आणि प्लाय फुगेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही.

माझ्याकडे अशी टाकी बरीच वर्षं चालू आहे. दुसऱ्यांच्या गळक्या टाक्याही उघडून पाहिल्या आहेत. त्या फळीतून गळत नाहीत, सांध्यातून गळतात. पाणी भरलं की लांब भिंत पोट काढते, कोपरा किंचित उघडतो आणि त्यावरचा लेप कितीही महागडा असला तरी तडकतो. म्हणून सगळा जीव आधी डबा ताठ करण्यात घाला.

१८ मिमीचा मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळेल. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये तुमची अख्खी टाकी बसते: तळ, मागची आणि पुढची फळी प्रत्येकी चार बाय दोन फूट, उरलेल्या तुकड्यातून दोन बाजू दोन बाय दोनच्या. करवतीची रुंदी धरून प्रत्येक माप थोडं कमी ठेवा. पुढची बाजू चार पट्ट्या जोडून करू नका. पूर्ण फळी घ्या आणि मधोमध साधारण १०० बाय ४४ सेंटीमीटरची खिडकी कापा. चौकटीचे चारही कोपरे मग सलग प्लायचे राहतात, तिथे सांधाच नाही. खिडकीतून निघालेला तुकडा टाकू नका. त्याच्या पट्ट्या करून वरच्या तोंडावर पुढून मागे आडव्या बसवा, एक तरी बरोबर मध्यावर. ही पट्टी नसेल तर बाकी मेहनत फुकट. सांध्यांना इपॉक्सी गोंद आणि दर चार-पाच इंचांवर स्टेनलेस स्क्रू, भोक आधी पाडून. फेविकॉल इथे नको.

काच आतून. याबाबत दुसरं मत ऐकूच नका. पाण्याची पातळी ५० सेंटीमीटर धरली तर पुढच्या बाजूवर सुमारे १४५ किलोचा जोर येतो. काच आत असेल तर तोच जोर तिला चौकटीवर दाबून धरतो. बाहेरून लावली तर सगळा भार एकट्या सिलिकॉनवर. काच १२ मिमी घ्या, खिडकीपेक्षा चारही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर मोठी. कडा घासून आणा. वजन १८ किलोच्या आसपास भरेल, उचलायला दोघं लागतील.

आतला लेप म्हणजे दोन भागांचा (रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर), सॉल्व्हंट नसलेला इपॉक्सी. आधी सगळ्या कोपऱ्यांत घट्ट इपॉक्सीची गोलाई भरा, त्यावर ग्लास क्लॉथची (काचतंतूच्या कापडाची) पट्टी बसवा, मग पूर्ण आतून हात मारा. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी सर्वांत जास्त पितात, त्यांना पहिला पातळ हात वेगळा द्या. हार्डनर अंदाजाने ओतू नका, काट्यावर मोजा. प्रमाण चुकलं तर लेप चिकट राहतो आणि पुढे काही केल्या वाळत नाही. एका वेळी थोडंच कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. मगात ढीग केला तर ते स्वतःच तापतं आणि गोठतं, एप्रिल-मेच्या पुण्यात तर फारच लवकर.

सिलिकॉन सर्वांत शेवटी, कारण त्यावर इपॉक्सी धरत नाही. बाथरूमसाठी विकतात ते बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक, ते घेऊ नका. जिथे काच टेकणार ती चौकट पॉलिश पेपरने खरवडून घ्या, सिलिकॉनची जाड सलग रेघ ओढा आणि काच टेकवा. दाबून सगळं बाहेर काढू नका, साधारण ३ मिमीची गादी राहिली पाहिजे. हे काम एका बैठकीत संपवा, वाळलेल्या सिलिकॉनला नवं नीट चिकटत नाही.

कसबा_पेठ_सुतार
वरचं सगळं बरोबर. एकच जोडतो. काच लावण्याआधी चौकट सपाट आहे का ते बघा. टाकी पुढच्या बाजूवर पालथी ठेवा आणि आतून सरळ पट्टी फिरवा. इपॉक्सीचा उंचवटा राहिला तर काचेला एकाच ठिकाणी टेका मिळतो आणि काच तिथूनच तडकते. स्टँडचंही तसंच, पाणसळ लावूनच वर टाकी चढवा.

वारजेकर
फार उपयोग झाला, दोघांचेही आभार. काम जूनमध्ये सुरू करायचं मनात होतं. पावसाळी हवेचा इपॉक्सीवर परिणाम होतो का? आणि तिसऱ्या मजल्याचं काय?

धायरीचा_मत्स्यपालक
होतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, घासल्याशिवाय पुढचा हात दिला तर दोन थर एकजीव होत नाहीत. त्याहून मोठी अडचण प्लायची: ओल धरलेला प्लाय लेपाखाली बंद केला की ओल आतच कोंडते. जमल्यास फेब्रुवारी-मार्च धरा. घाई असेल तर बंद खोलीत काम करा आणि प्लाय आठवडाभर आधी घरात आणून उभा ठेवा. शेवटच्या हातानंतर पूर्ण आठवडा हात लावायचा नाही, वास गेला तरी.

वजनाचं: पाणी सव्वातीनशे लिटर, त्यात प्लाय, काच, वाळू आणि स्टँड धरले तर साडेचारशे किलोपर्यंत जातं. घरातल्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढतात आणि तुमची टाकी पाऊण चौरस मीटरहूनही कमी जागेत उभी राहणार. खोलीच्या मध्यावर अजिबात नको. जिच्या खाली बीम आहे अशा भिंतीला लावून ठेवा आणि सोसायटीच्या इंजिनिअरला एकदा जागा दाखवा. जुन्या वाड्यातलं लाकडी माळवद असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

भरतानाही एकदम भरू नका. वीतभर पाणी, रात्रभर थांबायचं, खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवायचं, मग पुढची वीत. पुढच्या आणि मागच्या फळीसमोर आडवा दोरा ताणून ठेवा, भिंतीने पोट काढलं तर लगेच दिसतं. पूर्ण भरल्यावर आठवडाभर तसंच राहू द्या, ते पाणी फेकून द्या, मग नवीन पाणी क्लोरीन काढून भरा आणि फिल्टर सुरू करा. एंजल आणि टेट्रा त्यानंतर महिन्याभराने, पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्य आल्यावरच.

वारजेकर
हिवाळ्याचं विचारायचं राहिलं. आमच्याकडे जानेवारीत पहाटे चांगलंच गार पडतं.

धायरीचा_मत्स्यपालक
लाकडाचा खरा फायदा तिथेच आहे. काचेपेक्षा प्लायमधून उष्णता बरीच कमी जाते, त्यामुळे हीटर कमी वेळ चालतो. तरी एंजलसाठी २०० वॉटचे दोन लावा, दोन टोकांना. एक बंद पडला तरी पाणी एका रात्रीत गार होत नाही. फिल्टरच्या पाइपसाठी मागच्या फळीला भोक पाडायचं असेल तर ते लेप देण्याआधीच पाडा आणि भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचे निदान तीन हात द्या.