डिस्क उघडत नाही: दोष ड्राइव्हचा की डिस्कचा?

लग्नाच्या जुन्या डीव्हीडी नव्या ड्राइव्हमध्ये उघडत नाहीत, म्हणजे ड्राइव्हच खराब आहे, हा अनेकदा काढला जाणारा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ड्राइव्ह डिस्क लेसरने वाचतो आणि सीडीसाठी ७८०, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे वेगळा लेसर वापरला जातो, त्यामुळे एकाच ड्राइव्हमध्ये सीडी सुरळीत चालते आणि डीव्हीडी मात्र ओळखली जात नाही, असेही घडते. ब्ल्यू-रे या अधिक क्षमतेच्या डिस्कला ४०५ नॅनोमीटरचा लेसर लागत असल्याने ती साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये कोणत्याही सॉफ्टवेअरने वाचता येणार नाही.

लग्नाच्या डिस्क बहुधा स्टुडिओत 'बर्न' केलेल्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लेसरने लिहिलेल्या असतात. त्यांतील माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते आणि ऊन व उष्णता यांनी तो थर हळूहळू खराब होतो. सांगलीत २०१९ च्या महापुरात अनेकांच्या कपाटांत पाणी शिरले, पण चिखल लागलेली डीव्हीडी लगेच टाकून देऊ नये, कारण तिचा माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. सीडीत तो लेबलच्या अगदी खाली असल्याने तिथला ओरखडा अधिक घातक ठरतो. डिस्क स्वच्छ पाण्याने धुवावी, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून कधीही पुसू नये, आणि पूर्ण सुकल्यावरच ड्राइव्हमध्ये घालावी.

तरीही उघडली नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये जरूर लावून पाहावी, कारण चुका दुरुस्त करून वाचण्याची क्षमता प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते. उघडताच, चित्रण पाहत न बसता, आधी हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी.