12345678987654321 मराठीत कशी वाचायची?

पाटीपेन्सिल: मुलांच्या अंकासाठी एक कोडं मराठीत करतेय. 111111111 चा वर्ग 12345678987654321. इंग्रजीत तो 'ट्वेल्व क्वाड्रिलियन...' असा अक्षरी दिलाय. मी लिहिलं, '123 कोटी 45 लाख 67 हजार 898 कोटी 76 लाख 54 हजार 321'. संपादकांना एका संख्येत दोनदा कोटी खटकतंय. तुम्ही कसं वाचाल?

मुळाक्षर: त्यांचं बरोबर आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात (1150) परार्धापर्यंत प्रत्येक घराला नाव आहे. 1 मध्य, 2 अंत्य, 3 जलधी, 4 शंकू, 5 महापद्म, 6 निखर्व, 7 खर्व, 8 अब्ज, 9 दशकोटी, आणि मग उतरण: 8 कोटी, 7 दशलक्ष, 6 लक्ष... मोठ्याने म्हणून बघा. आजोबा आमच्याकडून 'एकं दहं शतं' रोज संध्याकाळी घोकून घ्यायचे, म्हणून आजही अडत नाही.

बाराखडी: तुमचं अडत नाही, मुलांचं अडेल. अर्थसंकल्पाच्या बातमीत 'लाख कोटी' सगळ्यांना कळतं, महापद्म कुणालाच नाही. शिवाय इथे 'मध्य' म्हणजे पहिलाच अंक, आणि खरा मधला 9 दशकोटीच्या घरात!

मुळाक्षर: वापरलेच नाहीत तर शब्द कळणार कसे?

ओवी: पण जुनं म्हणजे नक्की कुठलं? यजुर्वेदातल्या यादीत परार्ध म्हणजे एकावर 12 शून्यं, लीलावतीत 17. मला वाटतं मूळ कल्पना समुद्राची असावी: समुद्र, मग त्याचा मध्य, मग अंत, आणि पलीकडे परार्ध. यजुर्वेदात क्रम तसाच आहे.

मुळाक्षर: कल्पना छान आहे, पण लीलावतीत जलधीनंतर अंत्य येतं आणि मग मध्य. तिथे ती बसत नाही.

देवळाली कॅम्प: नावावरून भांडताय आणि संख्येकडे कुणी बघत नाही! अंकांची बेरीज करा: 81. आणि 81 ने तिला नि:शेष भाग जातो. म्हणजे ही हर्षद संख्या. हे नाव आमच्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांचं. हर्ष देणारी ती हर्षद. असा शब्द हवा, सोपा आणि आपला.

बाराखडी: त्याच कापरेकरांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलंय, जीआयपी या जुन्या रेल्वेवरच्या स्टेशनावरून. म्हणजे आपली डोंबिवली. शुद्धतेचा आग्रह त्यांनीही धरला नव्हता.

मुळाक्षर: डोंबिवली मराठीच आहे हो. क्वाड्रिलियनशी तुलना नको.

पाटीपेन्सिल: सोमवारी मजकूर द्यायचाय. मध्य की लाख कोटी?

ओवी: 81 ने भागून काय आलं?

देवळाली कॅम्प: 12345679 चा वर्ग. 12345679 मध्ये 8 नाही, बघा. 12345679 ला 9 ने गुणलं की नऊ एकं मिळतात. आणि 1 ला 81 ने भागलं की 0.012345679012345679... असं चालूच राहतं, तिथेही 8 गायब.

ओवी: 8 का गळतो पण? हातचा येतो म्हणून?