स्नीक अटॅक: ‘वन्स पर टर्न’ म्हणजे राउंडला एकदाच का?

गेली दोन वर्षं मी आमच्या ग्रुपचा डीएम (खेळ चालवणारा, नियमांचा निर्णय देणारा) आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या फाशांच्या खेळाची पाचवी आवृत्ती, 2014चं प्लेयर्स हँडबुक. मागच्या सेशनला दिलेला एक निर्णय डोक्यातून जात नाहीये.

पार्टी पाचव्या लेव्हलची, समोर एक ऑगर (राक्षस). आमच्या रोगने (rogue, चोरटं पात्र) स्वतःच्या टर्नला शॉर्टस्वोर्डने वार केला. फायटर ऑगरला खेटून उभा होता, त्यामुळे स्नीक अटॅकही (रोगच्या वाराला मिळणारं जादा डॅमेज) बसला. मग ऑगरची टर्न आली आणि तो दोघांना सोडून मागच्या विझार्डकडे निघाला. फायटरचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रू दूर निघताना मिळणारा वार) हुकला, रोगचा लागला. तलवारीचं डॅमेज वजा करून ऑगरचे 5 हिट पॉइंट उरले. तोवर रोग खेळणारीने स्नीक अटॅकचे तीन डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) हातात घेतलेही होते. मी म्हणालो, “थांब, या राउंडचा तुझा स्नीक अटॅक झालाय.” तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि फासे एकेक करून डबीत ठेवले. वाद नाही, पुस्तक दाखव म्हणणं नाही. ऑगरने विझार्डला आडवं केलं, त्याला उठवण्यात क्लेरिकचा स्लॉट (मंत्र वापरायची मोजकी संधी) गेला.

सगळे गेल्यावर पुस्तक उघडलं. तिथे ‘वन्स पर टर्न’ छापलंय. राउंडचा, म्हणजे सगळ्यांच्या एकेक टर्नच्या फेरीचा, उल्लेखच नाही. पण टर्न कोणाची? तिची, की कोणाचीही? तीन फाशांची बेरीज 5 पेक्षा कमी येण्याची शक्यता 216 पैकी 4 आहे. म्हणजे तो ऑगर जवळजवळ मेलाच होता, आणि मी त्याला जिवंत ठेवला. नियम नक्की काय म्हणतो? आणि चुकलो असेन तर आता काय करू?

जुनाफासा:
कोणाचीही टर्न. राउंडमध्ये प्रत्येकाची एकेक टर्न असते, आणि ऑगरची टर्न ही तिच्या टर्नपेक्षा वेगळी टर्न आहे. शंका असेल तर रोगच्याच वर्णनात थोडं पुढे वाच. कनिंग अॅक्शन या रोगच्या क्षमतेत बोनस अॅक्शन (जादा कृती) ‘ऑन ईच ऑफ युवर टर्न्स’ मिळते असं लिहिलंय. म्हणजे जिथे ‘तुझ्या टर्नला’ म्हणायचं होतं तिथे लिहिणाऱ्यांनी तसं स्पष्ट म्हटलंय. स्नीक अटॅकमध्ये तो ‘युवर’ नाही. मी कुठल्याही अडलेल्या नियमाला आधी हेच करतो: तोच शब्द त्याच पुस्तकात आणखी कुठे, कसा वापरलाय ते शोधतो. या बाबतीत तर अधिकृत सेज अॅडव्हाइसमध्येही (नियमांवरची प्रश्नोत्तरं) स्पष्ट उत्तर आहे की स्नीक अटॅक फक्त स्वतःच्या टर्नपुरता नाही, आणि राउंडमध्ये किती वेळा यावरही बंधन नाही.

चौकोनीनकाशा:
नियमाबद्दल सहमत, पण दुसरा स्नीक अटॅक आपोआप मिळत नाही, अटी पुन्हा तपासाव्या लागतात. अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) नसेल तर त्या क्षणी ऑगरच्या 5 फुटांत त्याचा दुसरा शत्रू हवा. ऑपॉर्च्युनिटी अटॅक होतो तो ऑगर रोगच्या रीचबाहेर (वार पोहोचतो त्या अंतराबाहेर) पडायच्या अगदी आधी. समजा तो आधी फायटरपासून लांब गेला आणि मग रोगच्या बाजूने निसटला, तर त्या क्षणी फायटर 5 फुटांत नाही. मग स्नीक अटॅकही नाही. कोण कुठे उभं होतं?

आणि हे फुकट मिळतंय असं समजू नकोस. ऑपॉर्च्युनिटी अटॅकला रिअॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेलं झटपट उत्तर) लागते, आणि ती राउंडला एकच. पाचव्या लेव्हलच्या रोगकडे अनकॅनी डॉज असतो, तोही रिअॅक्शननेच चालतो. तिने हा वार केला म्हणजे पुढच्या टर्नपर्यंत अंगावर आलेल्या घावाचं डॅमेज निम्मं करायचा मार्ग बंद.

मेणबत्ती:
आमच्याकडे राउंडला एकदाच आहे, आणि ते चांगलं चाललंय. पण ते पहिल्या सेशनच्या आधी ठरलंय, रोग घेणाऱ्याला माहीत असतं. फासे हातात असताना नवा नियम सांगणं मला पटत नाही. अर्थ धूसर वाटला तर त्या वेळेपुरता खेळाडूच्या बाजूने कौल द्यावा आणि सेशननंतर वाचावं. एका ऑगरने तुझी मोहीम कोसळली नसती.

प्रश्न विचारणारा:
नकाशाचा कागद अजून टेबलावर तसाच आहे. रोग आणि फायटर ऑगरच्या एकाच बाजूला, शेजारच्या चौकोनांत. पहिल्याच पावलाला तो दोघांच्या रीचमधून एकदम बाहेर पडला. म्हणजे अट पूर्ण होती. चूक माझीच.

आज तिला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, “मला कनिंग अॅक्शनने डिसएंगेज करून, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी अटॅक न ओढवता, मागे जाता आलं असतं. मी मुद्दाम थांबले होते. तो विझार्डकडे पळणार हे दिसत होतं.” हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिचे फासे अडवले असं समजत होतो. तिने एक टर्न आधीच अंदाज बांधून, अंगावर घाव घ्यायची तयारी ठेवून तिथे पाय रोवले होते, आणि माझ्या एका वाक्याने ते सगळं वाया गेलं. पुस्तक का मागितलं नाहीस, असं विचारलं. म्हणाली, “तू इतक्या खात्रीने बोललास की मलाच वाटलं माझं चुकतंय.”

लढाई मागे नेणार नाही, त्यानंतर बरंच काही घडलंय. पण पुढचं सेशन त्याच गुहेत सुरू होतंय, लाँग रेस्ट (स्लॉट परत मिळवून देणारी मोठी विश्रांती) झालेली नाही, तेव्हा क्लेरिकला त्याचा स्लॉट परत देतोय. सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगेन की स्नीक अटॅक टर्नला एकदा, टर्न कोणाचीही असो. फायटरने कमांडर्स स्ट्राइक घेतलेलं आहे, म्हणजे तो आपल्या टर्नला तिला रिअॅक्शनने वार करायला लावू शकतो. त्या दोघांना हे अजून सुचलेलं नाही. तेही मीच सांगणार आहे.