मात्र्योश्का बाहुली खरोखर प्राचीन आहे का?

जिज्ञासू:
एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांविषयी वाचताना एके ठिकाणी त्यांचा उल्लेख रशियाची प्राचीन लोकपरंपरा असा आढळतो, तर दुसरीकडे त्यांचे मूळ जपानमध्ये असल्याचे ठामपणे सांगितलेले असते. यांपैकी ग्राह्य काय मानावे? शिवाय मातृत्वाचे प्रतीक हा अर्थ मूळ निर्मात्यांना अभिप्रेत होता, की तो मागाहून जोडला गेला? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

ग्रंथप्रेमी:
प्राचीन हे विशेषण सोडून द्यावे. पहिली मात्र्योश्का 1890 च्या दशकात मॉस्कोतील अनातोली मामोंतोव यांच्या खेळण्यांच्या कार्यशाळेत तयार झाली. ती वसिली झ्व्योझ्दोच्किन या कातारी कारागिराने कातली आणि सर्गेय माल्युतिन या चित्रकाराने रंगवली. अनातोली यांचे बंधू साव्वा मामोंतोव हे रेल्वे-उद्योजक होते, आणि अब्राम्त्सेवो येथील त्यांच्या वसाहतीत जमणारे कलावंत ग्रामीण रशियन कलेला नवजीवन देण्याच्या ध्यासाने भारलेले होते. म्हणजे शेतकरी वेशातील ही बाहुली खेड्यात नव्हे, तर खेड्याकडे कौतुकाने पाहणाऱ्या शहरी मंडळींच्या वर्तुळात जन्मली. मला तिच्या इतिहासातील हीच सर्वांत रंजक बाब वाटते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तिला कांस्यपदक मिळाले आणि त्यानंतर परदेशातून मागणी वाढली.

जपानविषयी म्हणाल, तर फुकुरोकुजू या देवतेच्या, एकात एक बसणाऱ्या जपानी बाहुलीवरून कल्पना सुचली, ही कथा फार प्रचलित आहे, पण तिला सिद्ध इतिहास म्हणता येणार नाही. रशियन कातारी त्याआधीही एकात एक बसणारी लाकडी ईस्टर अंडी कातत असत, हे विसरता कामा नये.

लाकूडकाम:
कारागिरीविषयी थोडी भर घालतो. लाकूड प्रामुख्याने लिंडनचे असते व ते बराच काळ वाळवावे लागते. सर्वांत आधी कातली जाते ती सर्वांत लहान, न उघडणारी बाहुली. मग तिच्या मापाने पुढचीचा खालचा भाग आणि त्यावर घट्ट बसेल असा वरचा भाग. एका संचातील बाहुल्या शक्यतो एकाच लाकडातून घेतात, कारण हवेतील ओलाव्याने निरनिराळी लाकडे कमी-अधिक फुगली, तर जोड सैल पडतात किंवा अडकून बसतात. पुढे सेर्गियेव पोसाद आणि सेम्योनोव ही या कामाची मोठी केंद्रे झाली. सेम्योनोवच्या बाहुलीच्या एप्रनवरील मोठा पुष्पगुच्छ पाहताच ओळखू येतो.

जिज्ञासू:
आभारी आहे. प्रतीकाचा प्रश्न मात्र अजून उरतो.

ग्रंथप्रेमी:
मात्र्योश्का हे मात्र्योना या नावाचे लाडिक रूप, आणि त्या नावाचा संबंध लॅटिनमधील गृहस्वामिनी या अर्थाच्या शब्दाशी लावला जातो. मातृत्वाच्या अर्थाला एवढा आधार निश्चित आहे. परंतु माल्युतिन यांचा आठ बाहुल्यांचा पहिला संच नीट पाहावा. बाहेरची बाहुली डोक्याला रुमाल बांधलेली व हाती काळा कोंबडा धरलेली मुलगी आहे, आणि सर्वांत आत दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ आहे. मला तरी ही आईच्या पोटी आई अशी माळ वाटत नाही. हे एकाच घरातील भावंडांचे चित्र वाटते. सर्व चेहरे सारखेच असलेल्या संचांना मात्र वंशपरंपरेचा अर्थ सहज लागू पडतो.

लाकूडकाम:
मुद्दा पटला. गोर्बाचेव यांच्या काळात निघालेल्या नेत्यांच्या संचांत तर हा क्रम पूर्ण उलटला: बाहेर गोर्बाचेव, त्यांच्या आत आधीचे नेते आणि अगदी तळाशी इवलेसे लेनिन. पहिल्या संचात आत जावे तसे वय कमी होत जाई. येथे आत जावे तसा काळ मागे जातो.